आवाजाचे माप : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी इंटरफेस कसा निवडावा

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते वाशीच्या घाऊक बाजारात, माथाडी आणि मापाडी मंडळींच्या सहवासात, आणि रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांतून. ध्वनीचे शास्त्रही आम्ही असेच, गरज पडली म्हणून शिकलो. ती गरज कशी पडली हे आधी सांगितले म्हणजे पुढचे विवेचन समजण्यास सोपे जाईल.

नवी मुंबई वसविण्यासाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली. परंतु त्यापूर्वी येथे गावे होती, भातशेती होती, मिठागरे होती, आणि आगरी-कोळी समाज पिढ्यान् पिढ्या नांदत होता. आगरी लग्नात धवले गाण्याची चाल आहे. लग्नातले विधी या गाण्यांच्या साथीने चालतात आणि ती गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. तेराव्या शतकात महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. म्हणजे हा शब्द मराठीत किती जुना आहे ते पाहा. आज मात्र मांडवात मोठे कर्णे लागतात आणि धवलारणीचा आवाज शेजारच्या माणसालाही ऐकू येत नाही.

आमच्या संघटनेतील एका निवृत्त मापाड्याची आई धवलारीण होती. वय ऐंशीच्या पुढे. तिचे धवले मुद्रित करून ठेवावेत म्हणून आम्ही उत्साहाने एक मोठा थोरला इंटरफेस खरेदी केला. आठ माइक लावण्याची सोय, दिव्यांची रांग, सारा थाट होता. पैसे त्यातच संपले, म्हणून माइक मिळेल तो स्वस्तातला घेतला. म्हातारीने सुरुवात हलक्या आवाजात केली, तेव्हा आम्ही गेनचे बटण वर चढविले. मग तिला रंग चढला, आवाज मोकळा सुटला आणि यंत्रावरचा तांबडा दिवा वारंवार लागू लागला. तो कशासाठी लागतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. काम जोरात चालले आहे असेच आम्हांस वाटले. घरी येऊन ऐकतो तो जेथे जेथे तिचा आवाज उंच गेला होता, तेथे तेथे नुसती खरखर! पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणता पावसाळा आला आणि त्या पावसाळ्यात ती बाई गेली. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. तो दुसऱ्या कोणाच्या हातून घडू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आता ही इंटरफेस नावाची वस्तू काय आहे ते पाहू. दुकानदार तिला पुष्कळदा साउंड कार्डही म्हणतात. माइकमध्ये आवाज शिरला की त्याची विजेची अगदी क्षीण लाट तयार होते. संगणकाला लाट कळत नाही; त्याला फक्त आकडे कळतात. तेव्हा मधे कोणीतरी ती लाट मोजून आकडा सांगणारा लागतो. बाजारात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये मापाडी उभा असतो, तसाच माइक आणि संगणक यांच्यामध्ये इंटरफेस उभा असतो. त्याने माल वाढवायचा नाही, घटवायचा नाही. जेवढा आहे तेवढा सांगायचा. शिवाय आकड्यांचा पुन्हा आवाज करून आपल्या हेडफोनमध्ये सोडणे, हेही त्याचेच काम.

हा मापाडी एका सेकंदात किती वेळा माप घेतो, याला सॅम्पल रेट म्हणतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हे प्रमाण सेकंदाला ४४,१०० ठरले. हा आकडा लहरीने आलेला नाही. तरुण, निकोप कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो, आणि कंपने बिनचूक टिपायची तर त्यांच्या दुपटीहून अधिक मापे घ्यावी लागतात, असा गणिताचा नियम आहे. माप किती बारकाईने घेतले हे बिटांवरून कळते. १६ बिटांच्या काट्यावर ६५,५३६ खुणा असतात. २४ बिटांच्या काट्यावर १ कोटी ६७ लाखांहून अधिक. आजचे बहुतेक सर्व इंटरफेस, अगदी साधेसुद्धा, २४ बिट आणि ४८,००० हे माप देतात. माणसाच्या आवाजाला तेवढे पुरते. खोक्यावर १,९२,००० असा आकडा छापलेला दिसला म्हणून जास्त पैसे देऊ नयेत. त्याने आवाज गोड होत नाही, साठवणीची जागा मात्र चौपट लागते. ४८,००० आणि २४ बिट या मापाने एका माइकचे तासाभराचे मुद्रण सुमारे ५१८ मेगाबाइट होते. यावरून हिशेब करावा.

मग निवड कशावरून करायची? आमच्या मते दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरी बसून तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

पहिला प्रश्न : एकाच वेळी किती आवाज वेगवेगळे घ्यावयाचे आहेत? एकटी गाणारी बाई, मुलाखत देणारा कामगार, यांना एक माइक पुरतो. मुलाखत घेणाराही स्पष्ट ऐकू यावा, किंवा गायक आणि पेटी वेगळी ठेवावी, तर दोन लागतात. पोवाड्याला शाहीर, डफ, तुणतुणे आणि झीलकरी असे सारे स्वतंत्र हवे असतील तरच चार किंवा अधिक. घरच्या कामाला दोन माइकांचा इंटरफेस शंभरांतल्या नव्वदांना पुरेसा आहे, असे आम्ही अनुभवाने सांगतो. येथे एक फसगत होते, ती लक्षात ठेवावी. नावातला आकडा म्हणजे माइकांची संख्या नव्हे. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट मालिकेतील ‘फोर आय फोर’ला चार आवक आहेत, पण माइकच्या त्यांतल्या दोनच; बाकीच्या दोन इतर यंत्रांची तार जोडण्यासाठी. त्याच मालिकेतील ‘सोलो’ला माइक एकच लागतो. यात कंपनीची लबाडी नाही, पण वाचणाऱ्याने बारीक अक्षर वाचले पाहिजे. करारावर सही करण्यापूर्वी कामगारांना आम्ही हेच सांगत आलो.

दुसरा प्रश्न : माइक कोणता? डायनॅमिक माइक दणकट असतो, त्याला बाहेरून वीज लागत नाही, आणि तो जवळचा आवाज घेऊन लांबचा गोंगाट पुष्कळसा टाळतो. सभांच्या व्यासपीठावर जगभर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा याच जातीचा. तो १९६६ पासून चालत आला आहे. कंडेन्सर माइक अधिक नाजूक आणि अधिक कानाळू. त्याला बहुधा ४८ व्होल्टांची वीज माइकच्याच तारेतून द्यावी लागते. तिला फँटम पॉवर म्हणतात. इंटरफेसवर ४८ व्ही असे बटण आहे की नाही हे पाहून घ्यावे. उलट डायनॅमिक माइकचा प्रवाह क्षीण, म्हणून तो वाढविण्याची ताकद, म्हणजे गेन, इंटरफेसमध्ये भरपूर हवी. शुअरच्याच एसएम ७ बी या माइकला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. ज्या यंत्राचा गेन ५० लाच संपतो त्यावर असा माइक लावला तर आवाज दबका येतो, आणि तो मागाहून वाढवावा तर बरोबर सुरसुरही वाढते. रस्त्याकडेच्या घरात डायनॅमिक माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. शांत खोलीत कंडेन्सरची कमाल दिसते.

तिसरा प्रश्न : गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवायचा आहे काय? आधी मुद्रित केलेल्या साथीवर गायचे असेल तर हेडफोन लागतो. आवाज संगणकात जाऊन परत येईतो थोडा उशीर होतो. संगणक मापे गठ्ठ्यांनी उचलतो. १२८ मापांचा गठ्ठा म्हटला तर ४८,००० च्या वेगाने एकाच गठ्ठ्याला सेकंदाचा सुमारे पावणेतीन सहस्रांश लागतो, आणि जाण्यायेण्याचे असे टप्पे मिळून दहा-पंधरा सहस्रांश सहज होतात. हवेत ध्वनी एक मीटर जायला सुमारे तीन सहस्रांश घेतो. म्हणजे आपलाच आवाज चार-पाच मीटर दूर उभ्या माणसाचा वाटावा, तसे होते. गाणारा अडखळतो. यावर उपाय म्हणजे डायरेक्ट मॉनिटरचे बटण. त्याने आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. हे बटण नसलेला इंटरफेस गाण्याच्या कामाला घेऊ नये.

याखेरीज जोडणीच्या चार गोष्टी. यंत्र वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालते काय, हे विचारावे. तसे असेल तर आजच्या पुष्कळ मोबाइलनाही ते जोडता येते. विंडोजचा संगणक असेल तर कंपनीने स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर दिला आहे की नाही ते पाहावे. जुने यंत्र घेत असाल तर त्याचा ड्रायव्हर आजच्या संगणकावर चालतो की नाही, याची खात्री करूनच पैसे द्यावेत. आणि लॅपटॉपचा चार्जर लावताच हेडफोनमध्ये ‘घूं’ असा आवाज आला, तर यंत्राला दोष देण्यापूर्वी घरातले अर्थिंग तपासावे. तोपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची आहे, तिचाच हा गुणगुणाट असतो.

आता त्या तांबड्या दिव्याविषयी. पाचशे किलोच्या काट्यावर सातशे किलोचा माल टाकला तर काटा पाचशेवरच अडतो. वरचे दोनशे किलो कोठेच नोंदले जात नाहीत. आवाजाचेही तसेच आहे. शून्य डेसिबल ही काट्याची अखेरची खूण. लाट तिच्यावर गेली की माथा कापला जातो, आणि कापलेला माथा पुन्हा जोडता येत नाही. म्हणून गाणाऱ्याला आधी सर्वांत मोठ्या आवाजाची ओळ गायला सांगावी, आणि तिचे टोक शून्याच्या खाली १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवावा. हळू आलेला आवाज २४ बिटांमुळे मागाहून खुशाल वाढविता येतो. काही नव्या इंटरफेसमध्ये गेन आपोआप सांभाळण्याची सोय आली आहे. नवशिक्याने तिच्यासाठी थोडे अधिक पैसे दिले तर ते वाया जात नाहीत. आठ माइकांच्या ऐवजी ही एक सोय आमच्यापाशी असती, तर त्या माउलीचा आवाज आज शाबूत असता.

इंटरफेसवर वाचविलेले पैसे माइकवर आणि खोलीवर खर्चावेत. खोलीवर म्हणजे मोठा खर्च नव्हे. उघड्या भिंती आवाज परतवितात. तेव्हा माइकच्या मागे आणि गाणाऱ्याच्या पाठीशी गोधड्या टांगाव्यात, खाली सतरंजी घालावी, कपड्यांचे कपाट उघडे ठेवावे. पंखा बंद करावा. मे महिन्यात हे कठीण आहे हे आम्ही जाणतो. म्हणून शेवटची लोकल गेल्यावर किंवा पहाटे बसावे. पाच-पाच मिनिटांचे मुद्रण करावे आणि मधे पंखा लावावा. हे काहीच जमले नाही, तर मोबाइलवर घ्यावे. उत्तम यंत्राची वाट पाहत न घेतलेल्या मुद्रणापेक्षा मोबाइलवरचे खरखरीत मुद्रण केव्हाही बरे.

कोणी म्हणेल, शब्द लिहून ठेवले की झाले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी खेडोपाडी सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतल्या काही हजार ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या. कागदावरची ओवी वाचावी आणि मग तीच बाईच्या तोंडून ऐकावी. जात्याची घरघर, मधला श्वास, ओळ लांबविण्याची रीत, यांतले कागदावर काहीच नसते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या थोरवीच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या, पण त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. आपण आठवणींवरच समाधान मानतो. त्या काळी यंत्र कंपनीचे होते आणि कोणाचा आवाज टिकावा हे कंपनी ठरवी. आज ते यंत्र एका लहानशा पेटीत मावते आणि कामगाराच्या घरातही येऊ शकते.

मात्र यंत्र घरात आले म्हणून आवाज आपल्या मालकीचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना कलावंत म्हणून हक्क मिळाले. तेव्हा मुद्रणापूर्वी गाणाऱ्याची संमती विचारावी, नाव आणि तारीख मुद्रणातच बोलून घ्यावी, मुद्रणाच्या निदान तीन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात, आणि त्यांतली एक गाणाऱ्याच्या घरी द्यावी.

गेल्या वर्षी आम्ही दोन माइकांचा साधा इंटरफेस घेतला. त्या धवलारणीची सून सासूच्या मागून गात असे. तिला काही धवले येतात. पहाटे साडेतीनला पंखा बंद करून ती बसली आणि आम्ही प्रथम तिला सर्वांत उंच ओळ गायला सांगितली. तांबडा दिवा लागला नाही. जे गेले ते गेले. पण आपल्या घरी, आपल्या चाळीत, आपल्या गावठाणात अजून गाणारे कोणी असेल, तर ही निवड येत्या पावसाळ्यापूर्वी करावी, एवढीच आपणांस विनंती आहे.