सोयाच्या गोळ्या आणि घरच्या माणसाची लघवी



पन्नाशी-साठी ओलांडलेला घरचा माणूस रात्री तीन-चारदा लघवीला उठतो. धार बारीक होते, जोर करावा लागतो, तरी लघवी पूर्ण झाली असं वाटत नाही. पुरुष हे सांगायला लाजतात. आधी कळतं ते आपल्यालाच. मग कुणीतरी सुचवतं, "सोयाच्या गोळ्या द्या, बरं वाटेल." या गोळ्यांचं खरं काय, ते आज पाहू.

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांना असणारी ग्रंथी. ती मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. तरुणपणी अक्रोडाएवढी असते. वयानुसार ती वाढते आणि नळी दाबली जाते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण कॅन्सर नाही ना, हे डॉक्टरांनीच तपासायचं असतं. साखर वाढली तरी वारंवार लघवी होते, म्हणून तीही तपासून घ्यावी.

ही ग्रंथी पुरुषी संप्रेरकांमुळे वाढते. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन स्त्री-संप्रेरकासारखं सौम्य काम करतात. म्हणून त्यांचा उपयोग होईल, अशी आशा होती. छोट्या चाचण्याही झाल्या, पण ठोस गुण सिद्ध झालेला नाही. म्हणून महागड्या डब्यांवर बचतीचा पैसा घालू नका.

सोयाबीन आपल्या मराठवाड्यात, विदर्भात शिवारातच पिकतं. त्यात प्रथिनं भरपूर. उकळत्या पाण्यातून काढून, वाळवून, भाजून गव्हात दळा. दहा किलो गव्हाला एक किलो पुरे. कच्चं मात्र खाऊ नये. घरात कुणी थायरॉईडची गोळी घेत असेल, तर गोळी आणि सोया यांत तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

डॉक्टरांच्या काही गोळ्या नळीजवळचे स्नायू सैल करतात, काही ग्रंथी हळूहळू लहान करतात. या दुसऱ्या प्रकाराला सहा महिनेही लागतात, म्हणून मध्येच सोडायला लावू नका. त्यातली फिनास्टेराइडची फुटलेली गोळी गरोदर बाईनं हाताळू नये. झोपण्याआधी दोन तास चहा-पाणी टाळलं, तर रात्रीचं उठणं कमी होतं. दिवसा मात्र पाणी तोडू नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी तुंबते, तेव्हा विचारल्याशिवाय देऊ नका.

लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगलं, लघवीतून रक्त आलं किंवा थंडी वाजून ताप आला, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

लाज बाजूला ठेवून हा विषय गटाच्या बैठकीत काढू या, आणि घरीही.