लिनक्स संगणकावरील प्रिंटर आणि त्याचा कारभार

दिवाळीनंतर मुरबाड व शहापूर तालुक्यांतील वाड्यांवरून कातकरी व ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर कामासाठी निघतात. मुलेही त्यांच्याबरोबर जातात. मूल जेथे जाईल तेथील शाळेत त्याला बसता यावे म्हणून मूळ शाळेने त्याच्या पालकांच्या हाती शिक्षण हमी पत्रक द्यावयाचे असते. ट्रक वाडीवर येऊन उभा राहिला म्हणजे त्या पत्रकासाठी दोन दिवस थांबण्यास कोणी तयार नसते. अशा सकाळी शिक्षक संगणक सुरू करतो, पत्रक पडद्यावर नीट दिसते, छपाईची आज्ञा दिली जाते, आणि प्रिंटर मात्र मुकाट बसून राहतो. प्रिंटरच्या नावाखाली तो थांबविला गेला असल्याची खूण दिसते. ती काढावयास जावे तर संगणक नाव व पासवर्ड विचारतो. आणि ते दिल्यावर 'फॉरबिडन', म्हणजे 'मनाई', एवढेच उत्तर मिळते.

यंत्र बिघडले असा समज येथे सहज होतो. मग कल्याणच्या किंवा डोंबिवलीच्या दुकानातील कारागिराला निरोप जातो. तो येईल तेव्हा येईल. आणि लिनक्सची ओळख नसलेला कारागीर असेल तर सारा संगणक पुसून त्यावर दुसरी प्रणाली चढविणे हाच उपाय त्याला सोपा वाटतो. त्यात वर्षभराची निकालपत्रके नाहीशी होण्याचा धोका असतो. वस्तुतः वरील प्रसंगी यंत्रात काहीच बिघडलेले नसते. प्रश्न बिघाडाचा नसून अधिकाराचा असतो, आणि त्याची उकल शिक्षकाला शाळेतच दहा मिनिटांत करता येते.

लिनक्स ही प्रणाली शाळांना उपयोगी पडते, कारण तिच्या परवान्याचे शुल्क पडत नाही आणि तिचे काही हलके प्रकार जुन्या यंत्रावरही बरे चालतात. या प्रणालीत छपाईचे काम 'कप्स' नावाचा कार्यक्रम पाहतो. मायकेल स्वीट यांनी १९९७ साली त्याच्या रचनेस आरंभ केला व १९९९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २००२ पासून ॲपल कंपनीनेही आपल्या संगणकांत तोच घेतला. गंमत अशी की, मुक्त संगणकप्रणालीच्या चळवळीचे मूळही एका प्रिंटरपाशीच सांगितले जाते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. कागद अडकला तर संगणकावर सूचना यावी अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करावयाची होती. परंतु त्याच्या कार्यक्रमाची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. पुढे १९८३ मध्ये त्यांनी मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि आजच्या लिनक्सचा बराच भाग त्यातूनच उभा राहिला आहे.

कप्स दोन गोष्टींत स्पष्ट भेद करतो. छापणे ही एक गोष्ट आणि प्रिंटरचा कारभार पाहणे ही दुसरी. संगणकावर ज्याचे खाते आहे तो कोणीही छापू शकतो. पण नवा प्रिंटर जोडणे, जुना काढणे, थांबलेला पुन्हा चालू करणे किंवा दुसऱ्याने पाठविलेले काम रद्द करणे हा कारभार होय, आणि तो ठराविक व्यक्तींकडेच असतो. शाळेच्या कपाटातून खडू कोणीही शिक्षक घेतो, परंतु जडवस्तुसंग्रह नोंदवहीत नवी वस्तू चढवावयाची झाल्यास मुख्याध्यापकांची सही लागते, तसाच हा प्रकार आहे. उबुंटू, मिंट, डेबियन आणि सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स या प्रणालींत कारभाऱ्यांच्या गटास 'एलपीॲडमिन' असे नाव आहे. या गटात ज्याचे नाव नाही त्याने आपला पासवर्ड कितीही अचूक दिला तरी कप्स त्याला कारभार करू देत नाही.

आता शाळेत हा प्रसंग ओढवतो कसा, हे पाहू गेल्यास कारण बहुधा बदलीत सापडते. ज्या शिक्षकाने प्रथम संगणक बसविला त्याचे खाते आपोआप प्रशासकाचे झाले. पुढे त्याची बदली झाली. नव्याने आलेल्या शिक्षकासाठी कोणीतरी साधे खाते उघडले. प्रिंटर चालू होता तोवर फरक कोणाच्या ध्यानी आला नाही. मग एके दिवशी छपाई चालू असताना वीज गेली, किंवा कागद अडकला. कप्सच्या एका नियमानुसार, प्रिंटरने दाद दिली नाही तर त्याची रांगच थांबविली जाते. वीज आली तरी रांग थांबलेलीच राहते, आणि ती चालू करण्याचा अधिकार असलेला मनुष्य तोपर्यंत दुसऱ्या तालुक्यात रुजू झालेला असतो.

उपाय करण्यापूर्वी संगणक नेमके काय सांगतो हे वाचावे. 'अनऑथोराइज्ड' असे उत्तर आल्यास नाव किंवा पासवर्डच चुकला आहे असे समजावे. येथे एक चूक फार वेळा होते. पडद्यावर दिसणारे नाव 'मुख्याध्यापक' असे असले तरी खात्याचे खरे नाव निराळे, लहान रोमन अक्षरांतील असते, आणि कप्सला तेच लागते. दुसरी चूक 'रूट' हे नाव देण्याची. उबुंटूमध्ये रूट या सर्वाधिकारी खात्याला मुळात पासवर्डच दिलेला नसतो. त्यामुळे अंदाजाने दिलेला कोणताही शब्द लागू पडणार नाही. याउलट उत्तर 'फॉरबिडन' असे असेल, तर संगणकाने माणूस ओळखला आहे, परंतु त्याला अधिकार नाही, असा त्याचा अर्थ. किंवा, पुढे सांगितल्याप्रमाणे, तो चुकीच्या ठिकाणाहून आला आहे.

अधिकार देण्यासाठी प्रशासकाच्या खात्यातून आत शिरावे आणि कंट्रोल, आल्ट व टी या कळा एकत्र दाबून टर्मिनल उघडावे. आज्ञा रोमन लिपीत टंकावयाची असते. येथे तिची अक्षरे फोडून दिली आहेत. प्रथम 'सुडो', म्हणजे एस, यू, डी, ओ. मग जागा सोडून 'ॲडयुजर', म्हणजे ए, डी, डी, यू, एस, ई, आर. पुन्हा जागा सोडून ज्या शिक्षकास अधिकार द्यावयाचा त्याच्या खात्याचे नाव. शेवटी जागा सोडून 'एलपीॲडमिन', म्हणजे एल, पी, ए, डी, एम, आय, एन. सर्व अक्षरे लहान. एंटर दाबल्यावर प्रशासकाचा पासवर्ड विचारला जाईल. तो टंकताना पडद्यावर अनेकदा एकही खूण उमटत नाही. कळफलक बंद पडला असे समजून थांबू नये, शब्द पुरा करून एंटर दाबावे. नंतर त्या शिक्षकाने संगणकातून बाहेर पडून पुन्हा आत यावे आणि टर्मिनलमध्ये 'ग्रुप्स' (जी, आर, ओ, यू, पी, एस) असे टंकून पाहावे. उत्तरात एलपीॲडमिन दिसले म्हणजे काम झाले.

याच कामासाठी 'युजरमॉड' नावाची दुसरी आज्ञाही अनेक ठिकाणी सुचविलेली आढळते. ती चूक नाही, पण तिच्यातील मोठ्या जी अक्षराबरोबर असावयाचा लहान ए हा विसरला, तर नाव नव्या गटात चढते आणि तो गट सोडून नेमून दिलेल्या इतर सर्व गटांतून निघून जाते. त्या गटांत प्रशासकांचाही गट असतो. संगणकावर प्रशासक एकच असेल आणि त्यानेच ही चूक स्वतःच्या नावावर केली, तर शाळेच्या संगणकाला प्रशासकच उरत नाही. एका अक्षरासाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही.

अधिकार मिळाल्यावर थांबलेली रांग चालू करण्यास ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट' हा शब्द, त्यापुढे अपूर्णविरामासारखे दोन टिंबांचे चिन्ह आणि ६३१ हा आकडा टंकावा. हा आकडा छपाईच्या आंतरजाल-संकेतासाठी राखून ठेवलेला आहे. उघडणाऱ्या पानावर प्रिंटर्स या भागात जाऊन प्रिंटर निवडावा व 'रिझ्यूम प्रिंटर' ही आज्ञा द्यावी. मध्येच 'हे संकेतस्थळ सुरक्षित नाही' असा इशारा येण्याचा संभव असतो, आणि कित्येक जण तेथूनच मागे फिरतात. कप्स आपले ओळखपत्र स्वतःच तयार करतो व ब्राउझर ते मान्य करीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपण आपल्याच संगणकाशी, लोकलहोस्टशी, बोलत आहोत तोवर पुढे जाण्यास हरकत नाही. अन्यत्र असा इशारा आल्यास मात्र मागेच फिरावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावी त्याच पानावर प्रिंटरचे 'एरर पॉलिसी' हे कलम 'रीट्राय जॉब' असे बदलून ठेवावे. मग अडथळा आल्यास रांग थांबत नाही, काम पुन्हा पुन्हा पाठविले जाते.

शाळेत दोन संगणक असून प्रिंटर एकालाच जोडलेला असेल, तर दुसऱ्यावरून कारभार करू पाहणाऱ्यास 'मनाई' होते. कप्सचा मूळ नियमच तसा आहे, आणि तो मोडण्याची घाई करू नये. सर्व दिशांनी येणाऱ्यांस कारभार मोकळा करून देण्याचा सल्ला काही जण देतात. परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेल्ली या संशोधकाने कप्सच्या जोडकार्यक्रमांतील दोष उघड केले, त्यांचा आधार नेमका असा उघडा दरवाजा हाच होता. दुरून कोणीतरी खोटा प्रिंटर दाखवावा आणि त्यावर छपाई होताच संगणकात आपली आज्ञा चालवावी, असे शक्य होते. एलपीॲडमिन गटाच्या बाबतीतही सैलपणा नको. या गटातील व्यक्तीला कप्सची मांडणी बदलून रूटच्या मालकीचे कागद वाचता येतात असे २०१२ साली आढळले होते, आणि त्यानंतर नाजूक कलमे वेगळ्या फाइलमध्ये हलविण्यात आली. यास्तव मुख्याध्यापक व आणखी एक शिक्षक, अशी दोनच नावे पुरेशी आहेत.

प्रशासकाचा पासवर्डच कोणास ठाऊक नसेल तर प्रथम बदलून गेलेल्या शिक्षकास दूरध्वनी करावा. तेही न जमल्यास उबुंटूमध्ये संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' व त्यातील 'रिकव्हरी मोड' निवडता येतो, आणि तेथून नवा पासवर्ड देता येतो. हे काम लिनक्स जाणणाऱ्या सहकाऱ्यास बरोबर घेऊन, मुख्याध्यापकांच्या समक्ष करावे. ज्या अर्थी हा मार्ग सर्वांना खुला आहे, त्या अर्थी संगणकाच्या खोलीचे कुलूप हेही एक प्रकारचे पासवर्डच ठरते. लिनक्सची प्राथमिक ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्यांना आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील मराठी पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत.

इतके करूनही ट्रक निघण्याच्या वेळेपर्यंत प्रिंटर हलला नाही, तर हमी पत्रक हाताने लिहून, सही-शिक्का करून द्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला मिळण्यास उशीर झाला या कारणावरून प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. तथापि भट्टीवरील आईबापांच्या हाती कागद असला म्हणजे नव्या शाळेच्या दारात त्यांना कायदा सांगत बसावे लागत नाही.

बदलीच्या वेळी करावयाच्या प्रभार यादीत संगणक, कळफलक व प्रिंटर यांची नोंद असते, पण प्रशासकाच्या खात्याची क्वचितच असते. ती एका ओळीत करता येईल: खात्याचे नाव, एलपीॲडमिन गटातील दोन्ही नावे आणि पासवर्ड बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवल्याची तारीख. प्रभार घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी आपल्या खात्यातून प्रिंटर एकदा थांबवून पुन्हा चालू करून पाहावा आणि एक पान छापून ते यादीस जोडावे.