पिवळ्या पानाची उलटतपासणी

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबरच्या सुरुवातीला गोडी छाटणी झालेली द्राक्षबाग साधारण दिवाळीच्या मागेपुढे फुलोऱ्यात येते. बागायतदाराच्या जिवाला घोर लावणारा हा काळ. गळ होईल का, कुज होईल का, मणी नीट धरतील का, या काळजीत एखाद्या ओळीत पिवळं पान दिसलं की माणूस मोटारसायकल काढतो आणि कृषी सेवा केंद्र गाठतो. येताना हातात सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली असते. जस्त, लोह, बोरॉन, मँगनीज सगळं एकत्र. त्यातलं काहीतरी लागू पडेलच! निफाड-दिंडोरीकडच्या बागा हिंडण्याचा मला जुना नाद आहे आणि या ‘काहीतरी’वरचा माझा राग दर हंगामाला वाढतोच आहे.

थोडी पार्श्वभूमी उरकून घेतो. जे अन्नद्रव्य सर्वात कमी, तेच वाढ रोखतं, हा विचार श्प्रेंगेल आणि लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. एखादं द्रव्य ‘आवश्यक’ कधी म्हणायचं, याच्या कसोट्या आर्नन आणि स्टाऊट यांनी 1939 मध्ये घालून दिल्या. आज अशी 17 द्रव्यं मानतात. झाली पार्श्वभूमी.

आता खरी गंमत. पहिला प्रश्न ‘पान किती पिवळं’ हा नाही, ‘कुठलं पान पिवळं’ हा आहे. नत्र, पालाश, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडात फिरती असतात. तुटवडा पडला की वेल ती जुन्या पानातून काढून कोवळ्या शेंड्याला देते, म्हणून खालची पानं आधी बिघडतात. पालाश कमी असेल तर कडा करपतात. मॅग्नेशियम कमी असेल तर शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं उलट. ती एकदा जिथे बसली तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे तक्रार शेंड्याकडून येते. बोरॉनची तक्रार तर पानापेक्षा घडात जास्त: फलधारणा कमी, आणि मोठ्या मण्यांच्या मधेमधे ज्वारीएवढे बारीक मणी.

पण माझा जीव रमतो तो लोहात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, मुळांना मिळत नाही. सामू आठच्या वर आणि पाण्यात बायकार्बोनेट, मग शेंड्याची पानं लिंबासारखी पिवळी आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी. अशी पानं प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल कित्येकदा सांगतो, लोह भरपूर! कारण मोजणी एकूण लोहाची होते आणि त्यातलं बरंचसं पानातच निकामी होऊन पडलेलं असतं.

अशा वेळी मला एका फ्रेंच गृहस्थाची आठवण होते. यूझेब ग्री यांनी 1840 च्या दशकात द्राक्षाच्या पिवळ्या पानांना लोहाचे क्षार लावून ती हिरवी करून दाखवली. हीच युक्ती आजही करता येते. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक अॅसिड, एक ब्रश. पिवळ्या पानाचा अर्धाच भाग संध्याकाळी पुसायचा, उरलेला अर्धा कोरडा ठेवायचा आणि काही दिवस वाट पाहायची. पुसलेली बाजू हिरवी झाली तर दुखणं लोहाचंच. मी हे इतक्यांना करून दाखवलं आहे की ओझरकडचे एक काका मला ‘रंगारी’ म्हणतात. ओल जास्त होऊन मुळं गुदमरली तरी पान असंच पिवळं पडतं. तिथे बाटलीपेक्षा ठिबकची वेळ कमी केलेली बरी.

पालाश, मॅग्नेशियमसाठी ब्रश पुरत नाही. तिथे देठ परीक्षण हवं. पुण्याजवळ मांजरीला 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ तपासावा, ही पद्धत आता बागायतदारांच्या ओळखीची झाली आहे. बागेत सगळीकडे फिरून शे-दीडशे देठ घ्यायचे आणि चांगल्या-वाईट ओळींचे वेगळे ठेवायचे. हौशी माणूस नेमका इथे घसरतो. मँकोझेबमध्ये जस्त आणि मँगनीज असतं, बोर्डो मिश्रणात तांबं. फवारलेले देठ नीट न धुता दिले, तर अहवालात ही द्रव्यं उतू जातात आणि भुकेली वेल कागदावर धष्टपुष्ट दिसते. अहवाल आला तरी आकड्यांचं आपसातलं नातं पाहावं लागतं. पालाशचा मारा झाला की मॅग्नेशियम मागे पडतं, स्फुरद अति झालं की जस्त रुसतं. अशा वेळी उपाय म्हणजे आधीचं खत आवरणं. आणि ही सल्ल्याची चिठ्ठी विकून कुणाला चार पैसे मिळत नाहीत.

थोडं भातशेतीकडे वळतो, कारण निदानाची इतकी सुंदर कथा दुसरी नाही. 1960 च्या दशकात पंतनगरच्या तराईत भाताची पानं तांबूस-तपकिरी होत. लोक त्याला खैरा रोग म्हणत. यशवंत लक्ष्मण नेने होते वनस्पतिरोगतज्ज्ञ. बुरशी-विषाणू शोधणं हाच त्यांचा व्यवसाय. तरी त्यांनी 1966 मध्ये दाखवून दिलं की इथे रोगजंतूच नाही, जस्ताची कमतरता आहे. हेक्टरी पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो चुना फवारला की पीक सावरतं. आपल्याच शाखेचं उत्तर बाजूला ठेवायला मोठं मन लागतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. लक्षण पाहून फक्त संशय घ्यावा, निकाल झाडाकडून मागावा. यंदा फुलोऱ्यात जे काही फवाराल, त्यात एक ओळ मुद्दाम कोरी सोडा आणि तिला खुणेची चिंधी बांधा. पंधरवड्याने शेजारच्या ओळीशी ताडून पाहा. दोन्ही सारख्याच दिसल्या, तर बाटलीचे पैसे पुढच्या वर्षी देठ परीक्षणाला ठेवा.