विश्लेषण : घरच्या घरी, मोबाइलवर गाणे कसे तयार होते? ‘मोफत’ लूप वापरले, तर ते गाणे कोणाचे?

डिसेंबर 2018 मध्ये अमेरिकेतील लिल नास एक्स या नवख्या गायकाने ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणे इंटरनेटवर टाकले. त्यामागचे संगीत त्याचे नव्हते. नेदरलँड्समधील यंगकियो या तरुणाने घरी संगणकावर तयार करून ऑनलाइन विक्रीला ठेवलेली ‘बीट’ त्याने 30 डॉलरला विकत घेतली होती. 2019 मध्ये हे गाणे ‘बिलबोर्ड हॉट 100’ यादीत सलग 19 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मात्र त्यातील बँजोसारखी वाजणारी सुरावट ‘नाइन इंच नेल्स’ या बँडच्या 2008 मधील अल्बममधून घेतलेली होती आणि तिची परवानगी आधी घेतलेली नव्हती. अखेर बँडमधील ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांची नावे गीतकार आणि निर्माते म्हणून श्रेयनामावलीत आली. घरी संगीत तयार करणे किती सोपे झाले आहे आणि त्यातली खरी अडचण कोठे आहे, या दोन्ही गोष्टी या एका गाण्यातून दिसतात.

‘डीएडब्ल्यू’ म्हणजे काय?

‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’चे हे संक्षिप्त रूप. हे सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावरचा स्टुडिओच. पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या असतात, त्यांना ‘ट्रॅक’ म्हणतात. एका ट्रॅकवर ठेका, दुसऱ्यावर हार्मोनियम, तिसऱ्यावर गायकाचा आवाज असे थर रचले जातात. प्रत्येक थराचा आवाज स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येतो, चुकलेला भाग कापून पुन्हा गाता येतो. पूर्वी यासाठी अनेक ट्रॅकची टेपयंत्रे आणि मोठे मिक्सर लागत. तासाच्या भाड्याने स्टुडिओ घ्यावा लागे आणि चुकीची किंमत पैशांत मोजावी लागे. आता चूक पुसून टाकता येते. नवख्यासाठी हाच सर्वांत मोठा बदल आहे.

नवख्याने कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

आधी हाताशी कोणते यंत्र आहे ते पाहावे. आयफोन, आयपॅड किंवा मॅक असेल तर अ‍ॅपलचे ‘गॅरेजबँड’ मोफत मिळते. 2004 मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर विंडोज किंवा अँड्रॉइडवर चालत नाही. अँड्रॉइड फोन असलेल्यांसाठी ‘बँडलॅब’ हा सोपा पर्याय आहे. ते मोफत आहे आणि संगणकावर ब्राउझरमध्येही चालते. विंडोजवर ठेका आणि बीट बनवणाऱ्यांत ‘एफएल स्टुडिओ’ लोकप्रिय आहे. बेल्जियममधील कंपनीने 1990च्या दशकाच्या अखेरीस ते ‘फ्रुटीलूप्स’ या नावाने आणले. त्याच्या चाचणी आवृत्तीत गाणे तयार करून बाहेर काढता येते, पण जतन केलेला प्रकल्प सॉफ्टवेअर विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. ‘एलएमएमएस’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही बीट बनवण्यासाठी मोफत मिळते. ‘ऑडॅसिटी’ही मोफत आहे, मात्र त्याचे मुख्य काम आवाज नोंदवणे आणि कापणे-जोडणे हे आहे.

सुरुवातीला यांपैकी कोणतेही एक पुरते. दर आठवड्याला नवे सॉफ्टवेअर उतरवून पाहण्यापेक्षा एकातच पहिली चार-पाच गाणी पूर्ण केली तर हात लवकर बसतो.

मिडी आणि ऑडिओ यांत फरक काय?

नवखे येथेच गोंधळतात. ऑडिओ म्हणजे प्रत्यक्ष ध्वनीची नोंद. सीडीच्या दर्जात एका सेकंदात 44,100 वेळा ध्वनीलहरीचे माप घेतले जाते. त्यामुळे चार मिनिटांच्या स्टीरिओ गाण्याची न दाबलेली ‘वेव्ह’ फाइल सुमारे 42 एमबीची होते.

मिडीमध्ये ध्वनी नसतोच, असतात त्या सूचना. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, कधी सोडली एवढेच त्यात लिहिलेले असते. जोर 0 ते 127 या आकड्यांत मोजला जातो. 1983 मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एकमेकांशी बोलू शकावेत म्हणून ही पद्धत ठरली आणि आजही तीच वापरात आहे. मिडीमध्ये नोंदवलेली सुरावट नंतर सतार, बासरी किंवा पियानो अशा कोणत्याही आवाजात ऐकता येते, एखादा चुकलेला स्वर बोटाने उचलून योग्य जागी ठेवता येतो. गायकाचा आवाज मात्र ऑडिओ म्हणूनच नोंदवावा लागतो.

मराठी गाण्यासाठी काय बदलावे लागते?

बहुतेक सॉफ्टवेअर उघडले की 120चा वेग आणि चार-चारचा ताल आपोआप लागलेला असतो. 120 म्हणजे मिनिटाला 120 ठोके, एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका या चौकटीत सहज बसतो. सहा मात्रांच्या दादऱ्यासाठी मात्र ताल सहा-आठ असा बदलावा लागतो, सात मात्रांच्या रूपकासाठी सात-चार किंवा सात-आठ. हे सुरुवातीलाच केले नाही तर पडद्यावरच्या रेषा एकीकडे आणि सम दुसरीकडे पडते.

पट्टीचेही तसेच. आपल्याकडे गायक ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी पाच’ अशी पट्टी सांगतात. सॉफ्टवेअरमध्ये पांढरी एक म्हणजे ‘सी’, काळी एक म्हणजे ‘सी शार्प’, पांढरी पाच म्हणजे ‘जी’ आणि काळी चार म्हणजे ‘जी शार्प’.

दोन सोयी मात्र जपून वापराव्या लागतात. पहिली ‘क्वांटाइझ’. ती पुढे-मागे पडलेले ठोके अचूक रेषेवर नेऊन बसवते. पण ढोलकीची लज्जत अनेकदा त्या किंचित पुढे-मागे पडण्यातच असते. शंभर टक्के क्वांटाइझ केलेली ढोलकी यंत्रासारखी वाजते. ही सुविधा अनेक सॉफ्टवेअरमध्ये कमी प्रमाणातही लावता येते.

दुसरी सोय स्वर दुरुस्त करण्याची. 1997 मध्ये आलेल्या ‘ऑटो-ट्यून’मुळे ती सर्वज्ञात झाली. ती आवाजाला जवळच्या स्वराकडे ओढते. त्यामुळे मींड आणि गमक तुटतात, दोन स्वरांमधली घसरण पायऱ्यांसारखी ऐकू येते. शिवाय सॉफ्टवेअरचे स्वर कीबोर्डसारखे समान अंतरावर असतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक शुद्ध गंधार त्यापेक्षा सुमारे 14 सेंटने उतरलेला असतो. (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) तानपुऱ्यावर तयार झालेल्या गळ्याला यंत्राने ‘सुधारले’ तर तो बेसूर झाल्यासारखा वाटतो, तो यामुळेच.

घरी आवाज कसा नोंदवावा?

महागड्या मायक्रोफोनपेक्षा खोलीचा परिणाम जास्त होतो. उघड्या भिंती आणि फरशीवरून आवाज परत येतो आणि गाणे न्हाणीघरात गायल्यासारखे वाटते. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, मागे टांगलेली गोधडी, खाली सतरंजी एवढ्याने मोठा फरक पडतो. पंखा बंद ठेवावा, कुकरची वेळ टाळावी. मायक्रोफोन तोंडापासून साधारण एक वीत दूर आणि थोडा तिरका ठेवला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ अशा अक्षरांचा फटका बसत नाही.

आवाजाची पातळी शून्य डेसिबलला कधीही भिडू देऊ नये. गाण्यातील सर्वांत मोठा आवाजही उणे 6च्या खाली राहील असे पाहावे. शून्यापलीकडे गेलेला आवाज फाटतो आणि तो पूर्ववत होत नाही. कमी पातळीवर नोंदलेला आवाज नंतर वाढवता येतो.

नोंदवताना ब्लूटूथ हेडफोन वापरू नयेत. त्यांत आवाज बहुतेकदा एकदशांश सेकंद किंवा त्याहून अधिक उशिरा पोहोचतो. 120च्या वेगात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असताना एवढा उशीर ताल मोडायला पुरेसा असतो. साधे वायरचे हेडफोन येथे सरस ठरतात. कंडेन्सर मायक्रोफोन, ऑडिओ इंटरफेस आणि छोटा मिडी कीबोर्ड हा खर्च काही हजारांचा आहे. तो पहिली दोन-चार गाणी झाल्यावर केला तरी चालतो.

मग स्टुडिओची गरज संपली का?

नाही. बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांनी लॉस एंजेलिसमधील घरातल्या झोपण्याच्या खोलीत केलेल्या अल्बमला 2020 मध्ये ‘अल्बम ऑफ द इयर’चे ग्रॅमी मिळाले. भारतात ए. आर. रहमान यांनी चेन्नईतील घराच्या आवारातच स्टुडिओ उभारला आणि 1992 च्या ‘रोजा’चे संगीत तेथूनच आले. दुसरीकडे, अजय-अतुल यांनी 2016 च्या ‘सैराट’साठी हॉलीवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. अनेक वादक एकत्र वाजवतात तेव्हा मोठ्या दालनात जो ध्वनी तयार होतो, तो खोलीत मिळत नाही. मात्र गाण्याचा आराखडा तयार करणे, चाल पारखणे, एकल आवाज नोंदवणे ही कामे आता घरीच होऊ शकतात.

‘मोफत’ लूप म्हणजे हक्कमुक्त लूप का?

लूप म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवण्यासाठी तयार केलेला ठेक्याचा किंवा सुरावटीचा तुकडा. गॅरेजबँडमधील लूप स्वतःच्या गाण्यात वापरून ते गाणे विकण्याची परवानगी अ‍ॅपल देते. तोच लूप सुटा विकता येत नाही. रिहानाच्या 2007 मधील ‘अम्ब्रेला’ या गाण्यातील ड्रमचा ठेका गॅरेजबँडमधील अशाच लूपवर आधारलेला आहे. त्यात गैर काही नाही. पण तोच ठेका इतर कोणीही वापरू शकतो, त्यावर एकट्याचा दावा सांगता येत नाही. अशी दोन गाणी ऑनलाइन आली की स्वयंचलित यंत्रणा एकाला दुसऱ्याची नक्कल ठरवू शकते. मग उत्तर द्यावे लागते ते लूपचा परवाना दाखवूनच.

‘ओल्ड टाउन रोड’मधील सुरावटीची गोष्ट वेगळी होती. ‘नाइन इंच नेल्स’चा तो अल्बम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला होता, पण फक्त व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी. उतरवून घेण्याची मुभा आणि विकण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेटवर ‘फ्री’ लिहिलेल्या बीट घेताना नवखे याच ठिकाणी फसतात. बीट विकत घेतली तरी ती बनवणाऱ्याने त्यातील तुकडा कोठून आणला, हे विचारणे आवश्यक असते.

जुन्या मराठी गाण्याचे नवे रूप केले तर?

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे. तुकारामांच्या अभंगाचे शब्द कोणालाही वापरता येतात. पण त्या अभंगाला विसाव्या शतकातील संगीतकाराने दिलेली चाल त्याची किंवा त्याच्या वारसांची असू शकते आणि लोकप्रिय झालेले ध्वनिमुद्रण कंपनीचे. जुन्या गाण्यातला आवाज कापून त्याखाली नवा ठेका टाकला तर या सगळ्यांचा प्रश्न येतो. अभंगाला स्वतःची चाल लावली तर यांपैकी कोणाचीच परवानगी लागत नाही.

स्वतः रचलेल्या गाण्यावरचा हक्क मात्र ते लिहिले किंवा नोंदवले की आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. गीतकार आणि संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था 1969 पासून मुंबईत आहे.

त्यातून पैसे मिळतात का?

सहजासहजी नाही. ‘स्पॉटिफाय’ने 2024 पासून, मागील 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकले न गेलेल्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टी देणे बंद केले आहे. गाणे कर्कश मोठ्या आवाजात चढवूनही उपयोग नसतो. ही सेवा सर्व गाणी साधारण उणे 14 ‘लफ्स’ या एका पातळीवर आणते, त्यामुळे जास्त चढवलेले गाणे आपोआप खाली येते आणि दबलेले वाटते.

त्यामुळे घरी गाणे करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून एक साधी सवय लावून घ्यावी. प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये एक टीप ठेवावी. कोणता लूप कोठून, कोणत्या तारखेला घेतला, त्याचा परवाना काय, शब्द कोणाचे, चाल कोणाची, ढोलकी कोणी वाजवली आणि त्याच्याशी काय ठरले, हे त्यात लिहावे. मित्राने एका दुपारी हौसेने वाजवून दिलेली ढोलकीही त्यात यावी. गाणे चालले नाही तर ही टीप कोणी पाहणार नाही. पण चालले, तर गाणे कोणाचे हा प्रश्न विचारला जाईल तेव्हा पुरावा म्हणून तीच उपयोगी पडेल.