पेशींचा अबोला : यकृताचा कर्करोग आणि संवादाचे रूपक

दिल्लीत वसंत कुंज येथील यकृत व पित्त विज्ञान संस्थेत आलेल्या मराठी रुग्णाच्या कानी हिंदी 'पेशी' पडली, तर तिचा अर्थ स्नायू असा असतो. मराठीतील पेशी ती हिंदीत कोशिका; आणि मराठी 'स्नायू' हिंदीत बहुधा मज्जातंतूचा अर्थ धारण करतो. ही अडचण कोशाने सुटते. 'पेशींमधील संवाद' या पदाची अडचण मात्र अधिक खोल आहे, कारण तेथे रूपकच विचाराला वळण देते.

जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८५८ मध्ये पेशीय विकृतिशास्त्र मांडले. त्याने शरीराला राज्य व पेशीला नागरिक मानले. (तो स्वतः राजकारणीही होता.) नागरिक म्हटला की बंडखोर आलाच, कर्कपेशी ही बंडखोर, ही कल्पना रुजणे मग सोपे झाले. १९६६ मध्ये लोवेनस्टाइन व कान्नो यांच्या उंदरांवरील प्रयोगांतून वेगळे चित्र पुढे आले. निरोगी यकृतपेशी शेजारच्या पेशींशी सूक्ष्म मार्गिकांनी जोडलेली असते; विद्युत्प्रवाह एकीतून दुसरीत सहज जातो. अर्बुदातील पेशींत तो जात नव्हता. येथे बंड नव्हे, अबोला दिसतो. या मार्गिका कनेक्सिन नामक प्रथिनांच्या असतात. त्यांतून आयन व लहान रेणू जातात, प्रथिने जात नाहीत. कनेक्सिन-३२ नसलेल्या उंदरांत यकृताची अर्बुदे अधिक उद्भवतात, हे विशेष लक्षणीय. अबोला हा केवळ रोगाचा परिणाम नसावा.

तथापि अबोला हे रूपकही अपुरेच. हेपटायटिस-बी वा सी, मद्य, चरबी यांमुळे यकृत वर्षानुवर्षे जखमी होत राहते, तेव्हा शेजारणीशी बोलणे तुटत असताना इतरत्र गलका वाढतो. कुप्फर पेशी इंटरल्यूकिन-६ सोडतात आणि उरलेल्या यकृतपेशी विभाजित होऊ लागतात. टीजीएफ-बीटाच्या प्रभावाखाली तारकाकृती पेशी तंतू विणतात. हे संदेश खोटे नसतात, जखम भरण्याचेच असतात. ते थांबत नाहीत इतकेच. या गलक्यात जनुकीय बिघाड असलेल्या एखाद्या पेशीलाही वाढीची संधी मिळते.

'संदेश' म्हणताच वाचक प्रेषकाचा हेतू आणि ठराविक आशय गृहीत धरतो. पेशीला हेतू नाही, आणि आशय तर ग्रहण करणाऱ्या पेशीच्या अवस्थेवर ठरतो. टीजीएफ-बीटा आरंभी यकृतपेशींची वाढ रोखतो; पुढे तोच अर्बुदाच्या प्रसारास साहाय्य करतो. म्हणूनच त्याला सरसकट अडवणारा उपचार योजणे अवघड ठरते : आरंभीच्या टप्प्यात तो अडवला, तर वाढीवरील लगामच सुटण्याची भीती असते.