डोंगरवाटेसाठी ई-सायकल जुळवताना

इलेक्ट्रिक माउंटन बाइक म्हणजे पायडलच्या धुरीपाशी मोटर आणि चौकटीच्या खालच्या नळीत लिथियम-आयन बॅटरी बसवलेली डोंगरी सायकल. तिला स्कूटरसारखी पिळायची मूठ नसते. पायडल फिरले तरच मोटर जोर लावते आणि पाय थांबले की तीही थांबते. पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत करणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. आजच्या डोंगरी ई-सायकली त्याच तत्त्वावर चालतात. २०१९ मध्ये कॅनडातील माँ-सँत-आन येथे या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली.

दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली साधी डोंगरी सायकल साधारण १३ ते १५ किलोची असते. मोटर आणि बॅटरी आल्यावर वजन २० ते २५ किलोवर जाते. चढावर मोटर हा जादा भार जाणवू देत नाही, पण उतारावर, आवळ वळणावर आणि खडकांच्या पायरीवर तो पुरता जाणवतो. दुसरा फरक बसण्याचा. साध्या सायकलवर अवघड चढ उभे राहून काढला जातो. ई-सायकलवर तोच चढ बसून आणि जास्त वेगाने निघतो, त्यामुळे वाटेतला प्रत्येक दगड थेट पाठीच्या कण्याला कळतो. साध्या सायकलसाठी ठरलेले आकडे ई-सायकलला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, ते या दोन कारणांनी. पुढील हिशेबांत पाठपिशवीसह ७५ किलोचा स्वार आणि २५ किलोची सायकल, म्हणजे एकूण १०० किलो भार धरला आहे.

जुळवणीची सुरुवात सीटच्या उंचीपासून करावी, कारण हातावर आणि पाठीवर येणारा भार बराचसा तिच्यावर ठरतो. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने हा गुणक ओळखला जातो. ७८ सेंटिमीटरच्या पायासाठी उत्तर येते सुमारे ६९ सेंटिमीटर. पायडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर ठेवावे. हा आकडा केवळ आरंभबिंदू आहे. ई-सायकलचे क्रँक बहुधा १६० ते १६५ मिलिमीटरचे, म्हणजे नेहमीपेक्षा आखूड असतात. चढावर बसून पायडल मारताना ते दगडांवर आपटू नयेत, हा त्यामागचा हेतू. क्रँक आखूड असल्याने सीट थोडी वर घेता येते. अंतिम निकाल गुडघ्याने द्यावा: पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहायला हवा. वाक याहून जास्त असेल तर गुडघ्याची पुढची बाजू दुखते. कमी असेल तर कंबर डावी-उजवीकडे डोलते आणि मागच्या शिरा ताणल्या जातात.

सीट मागे-पुढे सरकवण्यालाही महत्त्व आहे. तीव्र चढावर भार मागे झुकतो, त्यातच मोटर मागच्या चाकाला रेटते आणि पुढचे चाक जमीन सोडू लागते. सीट एक-दोन सेंटिमीटर पुढे घेतली आणि तिचे टोक दोन-तीन अंश खाली झुकवले, तर हे बरेच आटोक्यात येते. बसण्याचे दुखणे मात्र गादी वाढवून जात नाही. शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा आणि सीटची रुंदी त्या हाडांमधल्या अंतराला साजेशी हवी. फार मऊ सीटमध्ये हाडे रुततात आणि भार मधल्या नाजूक भागावर जातो. उतारावर सीट खाली घेता यावी म्हणून बहुतेक डोंगरी सायकलींना ड्रॉपर पोस्ट असते. ती बटणासरशी १०० ते २०० मिलिमीटर खाली जाते. ती नसेल तर सीटची उंची ठरवताना नेहमीच तडजोड करावी लागते.

हँडल साधारण ७६० ते ८०० मिलिमीटर रुंद असते. अरुंद खांद्यांच्या स्वाराने ते थोडे कापून घ्यायला हरकत नाही, पण आधी मुठी आत सरकवून काही दिवस चालवून पाहावे. कापलेली नळी पुन्हा वाढत नाही. हाताला मुंग्या येण्याची तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि तिचे कारण बहुतेकदा मनगटाचा कोन असते. करंगळी व अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेजवळून जाणारी अल्नर नस दबते आहे. अंगठा व तर्जनी बधिर होत असतील तर दाब मनगटाच्या मधल्या नसेवर आहे. कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येईल असे ब्रेकचे लिव्हर फिरवावे आणि एका बोटाने सहज ओढता येईल इतके जवळ घ्यावे. मूठ जितकी घट्ट आवळावी लागते तितका हात लवकर थकतो, म्हणून मुठीची जाडी पंज्याला साजेशी हवी.

यानंतर टायर. आरामासाठी पैसा कुठे घालावा असे विचारले जाते, तेव्हा अचूक उत्तर म्हणजे हवा मोजण्याचे चांगले मीटर. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रात टेकतो ते क्षेत्र मुख्यतः भार भागिले हवेचा दाब इतके असते. स्वार बसलेला असताना मागच्या चाकावर ६० किलो भार आला असे धरू. ४० पीएसआय हवेला टायर सुमारे २१ चौरस सेंटिमीटर टेकतो, २५ पीएसआयला सुमारे ३४. पकड वाढते ती या रुंदावलेल्या ठशामुळे. मऊ टायर दगडाभोवती वळतो, त्यामुळे दगडावरून जाताना सगळी सायकल आणि स्वार वर उचलले जात नाहीत. उचलण्यात वाया जाणारी ही ऊर्जाच खडबडीत वाटेवरचा मोठा खर्च असतो. टणक टायर वेगाने पळतो हा समज गुळगुळीत डांबरावर खरा, डोंगरवाटेवर खोटा.

हवा किती कमी करावी याची मर्यादा वजन ठरवते. जड सायकलच्या मागच्या टायरात हवा फार कमी असेल तर दगडाची धार थेट रिमवर बसते, ट्यूब दोन्हीकडून चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन छिद्रे पडतात. वळणावर टायर एका अंगाला कलंडतो तो निराळाच. म्हणून ई-सायकलसाठी २.४ ते २.६ इंच रुंद आणि जाड कापडाचा टायर घ्यावा आणि ट्यूब काढून आत पंक्चर बुजवणारे द्रव भरावे. १०० किलो भाराला पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआयने सुरुवात करावी आणि एका वेळी एकच पीएसआय बदलावा. रिमवर दगड आपटल्याचा आवाज येऊ लागला की दोन पीएसआय वर जावे. सह्याद्रीतल्या मुरमाड घसाऱ्यावर कमी हवा उपकारक ठरते. पावसाळ्यातल्या चिकणमातीत मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. तिथे उंच आणि विरळ गुठळ्यांचा टायर लागतो, कारण दाट नक्षीत चिखल अडकून बसतो.

सस्पेन्शनची जुळवणी सॅगपासून सुरू होते. स्वार नुसता बसल्यावर सस्पेन्शन जेवढे दबते तो सॅग. दगडावर चाक वर जाते तसे खड्ड्यात खालीही जायला हवे आणि त्यासाठी आधीच थोडे दबलेले असणे गरजेचे असते. पुढच्या चिमट्याला (फोर्कला) १५ ते २० टक्के आणि मागच्या शॉकला २५ ते ३० टक्के सॅग ठेवतात. १५० मिलिमीटरच्या चिमट्यावर २० टक्के म्हणजे ३० मिलिमीटर. मागे मोजायची ती शॉकच्या दांड्याची हालचाल, चाकाची नव्हे: दांडा ६० मिलिमीटर सरकत असेल तर ३० टक्के म्हणजे १८ मिलिमीटर. मोजताना हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली पाठपिशवी असा सगळा जामानिमा अंगावर हवा. दांड्यावरचे रबरी कडे तळाशी सरकवावे, भिंतीला हात टेकून सायकलवर हळूच बसावे, हळूच उतरावे आणि कडे किती सरकले ते पाहावे. हवा भरताना मधूनमधून सस्पेन्शन दाबून घ्यावे, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो. हे केले नाही तर पंपावरचा आकडा फसवतो.

हवेचा दाब तापमानाने बदलतो हे आपल्याकडे विशेष ध्यानात ठेवायला हवे. सकाळी २० अंशांना १५० पीएसआय भरलेला शॉक दुपारी ४० अंशांना सुमारे १६१ दाखवतो. टायरमध्येही २५ चे जवळजवळ २८ होतात. पहाटे गारव्यात जुळवलेली सायकल दुपारी टणक वाटते, यात कल्पनेचा भाग नसतो.

सॅगनंतर रिबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग. तो फार जास्त असेल तर सायकल प्रत्येक दगडावर उसळते. फार कमी असेल तर ओळीने आलेल्या दगडांवर सस्पेन्शन पुरते वर येण्याआधीच पुढचा धक्का बसतो, ते खाली खाली जात राहते आणि शेवटी लोखंडी दांड्यासारखे वागू लागते. फुटपाथच्या कडेवरून बसल्या-बसल्या खाली उतरून पाहावे: सायकल एकदा दबून वर आली आणि तिथेच स्थिरावली तर रिबाउंड ठीक आहे. जड सायकलला हवा जास्त लागते आणि जास्त हवेचे शॉक जोराने उलटतात, म्हणून ई-सायकलला रिबाउंडचा आवर साध्या सायकलपेक्षा एक-दोन खटक्यांनी जास्त ठेवावा लागतो. वजनाचा इथे एक फायदाही होतो. मोटर आणि बॅटरी सस्पेन्शनच्या वर असतात, चाके खाली. वरचे वस्तुमान वाढले आणि खालचे तेवढेच राहिले की चाक उडते, पण चौकट कमी हलते. मोठ्या दगडांवरून ई-सायकल जमिनीला धरून चालते, ती त्यामुळेच.

मोटरची जुळवणी कंपनीच्या ॲपमधून होते. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स या मोटरची चौथी पिढी ८५ न्यूटन-मीटर टॉर्क देते. तिच्यात इको या पायरीवर पायाच्या शक्तीच्या ६० टक्के, तर टर्बोवर ३४० टक्के मदत मिळते. १०० किलो भार ५०० मीटर उंच चढवायला, घर्षण सोडून, १३६ वॉट-तास ऊर्जा लागते. त्यातला मोटरचा वाटा इकोवर ५१ वॉट-तास, टर्बोवर १०५. प्रत्यक्षात घर्षण आणि मोटरमधली हानी धरता खर्च याहून बराच जास्त होतो, पण दोन पायऱ्यांमधले दुपटीचे अंतर तसेच राहते. डोंगरवाटेवर टर्बो नेहमीच उपयोगाचा नसतो. सैल मातीवर अचानक आलेला जोर चाक जागीच फिरवतो. पायाच्या जोराप्रमाणे मदत आपोआप कमी-जास्त करणारी मधली पायरी अशा चढावर सर्वांत चांगली. पाय मिनिटाला ७० ते ९० फेरे फिरतील असा गिअर ठेवावा; जड गिअरमध्ये हळू पायडल मारल्यास मोटर तापते आणि चेन लवकर ताणली जाते. गिअर बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करणे ही सवय चेन व दात्यांचे आयुष्य वाढवते.

युरोपात २५० वॉट अखंड शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, अशी सायकल म्हणवून घेण्याची मर्यादा आहे. भारताच्या मोटार वाहन नियमांतली सीमारेषाही साधारण हीच आहे. ॲपमध्ये किंवा तारेत फेरफार करून ती ओलांडली, तर कायद्याच्या दृष्टीने ते मोटार वाहन ठरते.

ब्रेककडे मोटरइतके लक्ष दिले जात नाही, ही खेदाची गोष्ट. १०० किलो भार ५०० मीटर खाली आणताना सुमारे ४९० किलोज्यूल ऊर्जा सुटते. सामान्य तापमानाचे जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्याएवढी. पायडलपाशी मोटर असलेल्या सायकलींत ही ऊर्जा बॅटरीत परतत नाही. अवघड, संथ उतारावर तिचा मोठा भाग डिस्क तापवण्यात जातो. म्हणून चार पिस्टनचे ब्रेक आणि सुमारे २०० मिलिमीटरची डिस्क हवी. सतत धरून ठेवण्याऐवजी ब्रेक जोराने दाबून सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. परदेशातून आणलेल्या सायकलवर आणखी एक तपासणी आवश्यक आहे: युरोपच्या बहुतांश भागात आणि अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. अनोळखी हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो.

बॅटरीबद्दल थोडेच. चार्जिंग शून्य ते ४० अंश तापमानातच करावे; विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते रात्री किंवा पहाटे करणेच योग्य. उन्हातून आलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. बरेच आठवडे वापर नसेल तर ती ३० ते ६० टक्के भरलेली ठेवावी. चिखल धुताना मोटर आणि बेअरिंगवर जोराचा फवारा मारू नये.

सर्व जुळवणी एकाच ओळखीच्या वाटेवर तपासावी. एका फेरीत एकच गोष्ट बदलावी आणि दाब, सॅग, रिबाउंडचे खटके वहीत लिहावेत. स्वाराचे वजन, पाठपिशवी किंवा ऋतू बदलला की आकडे पुन्हा घ्यावेत. खरेदीच्या यादीत हवेचे मीटर आणि शॉक पंप सर्वांत वर असावेत. नवी सीट, नवे हँडल आणि महागडा चिमटा यांचा विचार या दोन साधनांचा वापर करून झाल्यावरच करावा.