यंत्राला जाब विचारणारे संशोधक आपल्यातून हवेत!

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या पैशावर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि ९ मे १९१६ रोजी तेथील चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. ज्या जातीवर तोवर गोरे पंडित आणि इथले उच्चवर्णीय ग्रंथ लिहीत होते, त्या जातीची चिकित्सा जातीचे चटके सोसलेल्या माणसाने शास्त्राच्या भाषेत केली. शिष्यवृत्तीची खरी किंमत इथे कळते. प्रश्न कोण विचारणार, हे तिने बदलून टाकले.

हे आज आठवण्याचे कारण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. नोकरीचे अर्ज चाळणे, कर्ज मंजूर करणे, संशयिताचा चेहरा ओळखणे ही कामे आता यंत्राकडे चालली आहेत. तेलंगणात संगणकाच्या निकषांवरून शिधापत्रिका रद्द झाल्या. शेवटी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला सुमारे १९ लाख रद्द शिधापत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन फेरतपासणी करा, असा आदेश द्यावा लागला. यंत्र निःपक्षपाती असते, असे सांगितले जाते. पण यंत्र शिकते ते जुन्या नोंदींवरून. आपल्या देशातल्या जुन्या नोंदी कोणाच्या हातच्या आहेत? जातीचा रकाना काढून टाकला तरी आडनाव, गाव आणि वस्तीचा पत्ता जात सांगतोच.

बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते सांगितले होते. त्या समाजातल्या लेकी आज काय करीत आहेत, ते पाहा. एमआयटी या संस्थेत शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी या कृष्णवर्णीय तरुणीचा चेहरा संगणकाला दिसेना. तिने पांढरा मुखवटा चढवला, तेव्हा मात्र यंत्राला चेहरा सापडला! ती गप्प बसली नाही. २०१८ साली टिमनिट गेब्रू यांच्यासोबत तिने तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती; काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर जनक्षोभ उसळला, तेव्हा आयबीएमने या धंद्यातून अंग काढले आणि अमेझॉन व मायक्रोसॉफ्टने पोलिसांना हे तंत्र देणे थांबवले. मुखवटा घालण्याची पाळी जिच्यावर आली, तिलाच हा प्रश्न सुचला.

पण पैसा कोणाचा, हेही महत्त्वाचे. गेब्रू नंतर गुगलमध्ये याच विषयाच्या नैतिक बाजूवर काम करीत होत्या. २०२० च्या डिसेंबरात एका शोधनिबंधावरून वाद झाला आणि त्या बाहेर पडल्या. त्या म्हणतात, काढून टाकले. कंपनी म्हणते, राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतंत्र संस्था उभारली. ज्याच्या ताटात जेवायचे त्याची झडती घेणे सोपे नसते. म्हणूनच सार्वजनिक पैशाची फेलोशिप हवी.

सरकारकडे पैसा नाही, असे नाही. केंद्राने मार्च २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोहिमेसाठी दहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले. २०२५ च्या अर्थसंकल्पात आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रसंशोधनासाठी पाच वर्षांत १० हजार फेलोशिप जाहीर झाल्या. यात आमचा वाटा किती? दुसरीकडे, बार्टीच्या फेलोशिपसाठी आमच्या संशोधक मुलामुलींना २०२३ साली आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. ज्या हातात पुस्तक असायला हवे, त्या हातात मागण्यांचा फलक!

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. बार्टीने कृत्रिम बुद्धिमत्ता व सामाजिक न्याय या विषयासाठी स्वतंत्र फेलोशिप सुरू करावी. रक्कम दरमहा ठरल्या तारखेला मिळावी. केंद्राच्या फेलोशिपमध्ये अनुसूचित जाती, जमातींचे किती संशोधक आहेत, हे दरवर्षी जाहीर व्हावे.

आणि हा विषय केवळ इंजिनीअरचा, असा समज विद्यार्थ्यांनी करून घेऊ नये. यंत्राने नाकारलेल्या माणसाने दाद कुठे मागायची, हा कायद्याचा प्रश्न आहे. रेशन कोणाचे तुटले, हा समाजशास्त्राचा व अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. तो मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थीही सोडवू शकतो.

समाजाचीही जबाबदारी आहेच. १४ एप्रिलला डीजेवर उडणाऱ्या पैशातला काही भाग बाजूला काढला, नोकरदार बांधवांनी त्यात भर घातली, तर एकेका शहराला एक संशोधक वर्षभर पोसता येईल. सरकारी रक्कम रखडली तरी त्याचे संशोधन थांबणार नाही. साडेअकरा पौंडांतून काय उभे राहिले, हे आपल्याइतके आणखी कोणाला ठाऊक आहे? जयभीम!